आजाराच्या नावाआधी: वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षातली पोस्टिंग

शेवटच्या वर्षात आल्यावर सगळ्यात आधी बदलतो तो राउंडवर विचारला जाणारा प्रश्न. आधीच्या वर्षांत आम्हाला विचारायचे, ‘काय सापडलं?’ प्लीहा हाताला लागली का, मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, कुठल्या जागी जास्त ऐकू येतो, छातीच्या तळाशी ठोकल्यावर आवाज बद्द येतो का. ज्या पेशंटकडे अशा खुणा असतील त्याच्या खाटेभोवती आमची गर्दी असायची, आणि ज्याच्याकडे शिकण्यासारखं काही नाही असं वाटायचं त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही. शेवटच्या वर्षीच्या मेडिसिनच्या पोस्टिंगला आमच्या रेसिडेंट डॉक्टरांनी पहिल्याच सकाळी सांगितलं, "निदान नंतर. आधी मला सांग, हा माणूस किती आजारी आहे, आत्ता काय करायचंय आणि कोणाला कळवायचंय."

या तीन प्रश्नांनी माझा अभ्यासच उलटापालटा केला. पुस्तकं तीच आहेत, पण आता मी ती दुसऱ्या टोकाकडून वाचते. न्यूमोनियाच्या प्रकरणात पूर्वी मी जंतूंची यादी पाठ करायचे. आता आधी बघते की याला घरी पाठवता येईल की दाखल करायचं. पेशंट गोंधळलेला आहे का, युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त आहे का, बीपी खाली आहे का, वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे का. या पाच गोष्टी खाटेजवळ उभं राहून सांगता येणं आणि जंतूंची नावं घडाघडा म्हणता येणं, या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत. परीक्षेला दोन्ही लागतात. वॉर्डात पहिलीवाचून निभावत नाही.

श्वास मोजायला मी शेवटच्या वर्षात शिकले असंच म्हणायला हवं, कारण त्याआधी त्याचं मोल कळलेलं नव्हतं. नाडी, बीपी, ऑक्सिजन यांचे आकडे यंत्र देतं. श्वास मात्र माणसाला घड्याळ हातात धरून, पूर्ण एक मिनिट, छातीकडे बघत मोजावा लागतो. म्हणूनच चार्टवर तो बहुतेकदा अंदाजाने लिहिला जातो आणि सलग चार खाटांवर ‘२०’ दिसतं. खरं तर शरीर बिघडायला लागलं की सगळ्यात आधी जे आकडे हलतात त्यांतला हा एक. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० ही साधारण कक्षा, आणि २५ च्या वर गेला की पेशंट वरवर कितीही बरा दिसो, त्याच्याकडे परत जायचं. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो नकळत श्वास बदलतो, म्हणून मनगट हातात ठेवून आधी नाडी मोजायची आणि हात न सोडता पुढचं मिनिट श्वासाला द्यायचं. हे मला एका सिस्टरांनी शिकवलं.

याचा अर्थ मला पुरता उमगला तो एका आजींमुळे. लघवीच्या संसर्गासाठी त्या दाखल होत्या. ताप उतरला होता, बीपी ठीक होतं, राउंडमध्ये ‘सुधारतायत’ अशी नोंद झाली होती. दुपारी मी केसपेपर लिहीत बसले होते तेव्हा त्यांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "डॉक्टर, आई आज गप्प आहे. कोण आलं, कोण गेलं, सगळं विचारत असते. आज काहीच नाही." मी जाऊन बघितलं. आजी जाग्या होत्या, पण आपण कुठे आहोत हे त्यांना सांगता येईना. श्वास २६, नाडी ११२, बीपी ११२ वर ६४, ऑक्सिजन ९६, ताप नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणांकन पद्धत आणली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान या प्रत्येकाला किती बिघाड त्याप्रमाणे गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी दोन द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज सात किंवा जास्त आली तर ताबडतोब वरिष्ठांना बोलवायचं. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत एक भर पडली, ती म्हणजे नव्याने आलेला गोंधळ. पेशंट जागा आहे, हाक मारल्यावर बघतो, पण आज तो कालच्यासारखा नाही, यालाच आता पूर्ण तीन गुण आहेत. आजींचे श्वासाचे तीन, नाडीचे दोन आणि गोंधळाचे तीन, असे आठ झाले. बीपी आणि तापमान, ज्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यांचा त्यात एकही गुण नव्हता. मुलीने जे सांगितलं होतं ते कुठल्याही मॉनिटरवर दिसलं नसतं. तेव्हापासून ‘आज हे नेहमीसारखे वाटत नाहीत’ असं नातेवाइकांनी म्हटलं की मी ते केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहिते.

मग फोन. वरिष्ठांना फोन करणं हा शेवटच्या वर्षाचा एक वेगळा विषयच आहे आणि तो कुठल्याच पेपरात नसतो. विद्यार्थी असताना आपल्याला सवय असते ती सगळी हिस्टरी पहिल्यापासून सांगायची. रात्री, दुसऱ्या वॉर्डात अडकलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो. त्यासाठी आम्हाला चार पायऱ्यांची एक रीत शिकवली जाते. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आली आणि मग रुग्णालयांनी उचलली. आत्ता काय चाललंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. आजींसाठी मी केलेला फोन साधारण असा होता:

"सर, मी मेडिसिन वॉर्डातून शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी बोलतेय. लघवीच्या संसर्गाच्या आजींची तब्येत बिघडतेय, तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं. मधुमेह आहे, कालपासून शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. आज नव्याने गोंधळल्या आहेत, श्वास २६, नाडी ११२, बीपी ११२ वर ६४, ऑक्सिजन ९६, ताप नाही, साखर आत्ता तपासली, १४८ आहे. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही येईपर्यंत ब्लड कल्चरची तयारी करून ठेवू का?"

सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडणं, आणि ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी. या फोनातली चौथी पायरी जिभेवर येत नाही. ‘तुम्ही आत्ता या’ असं वरिष्ठांना स्पष्ट म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण आकडे सांगत राहतो आणि पलीकडच्या माणसानेच ओळखावं अशी अपेक्षा ठेवतो. मी आणि माझी मैत्रीण हॉस्टेलच्या जिन्यात बसून हे फोन खोटेखोटे करायचो. एक जण पेशंटचे आकडे द्यायची, दुसरी फोन करायची. वाक्य तोंडात बसलेलं असलं की मोबाइल कानाला लावताना आवाज कापत नाही. सर आले, कल्चर घेतली, अँटिबायोटिक बदललं, सलाईनचा वेग वाढवला, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पाठवलं आणि दर तासाला लघवी किती होते हे मोजायला सुरुवात झाली. आजी पुढच्या काही दिवसांत सावरल्या. साखर आधीच तपासली होती याबद्दल सरांनी मान डोलावली. गोंधळलेल्या पेशंटची साखर बघायची ती इतर कुठल्याही शंकेच्या आधी, कारण ती खाली गेली असेल तर उपाय हाताशी असतो आणि उशीर मेंदूला महागात पडतो.

हाताच्या कामांबद्दल विद्यार्थ्यांना फार काळजी असते. किती इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायच्या नळ्या) लावल्या, किती जणांचं रक्त काढलं, याचीच चर्चा. ती कामं सरावाने येतात. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने शोधायची. दाबल्यावर परत वर येणारी शीर दिसत नसली तरी चालते. टर्निकेट बांधून जास्त वेळ ठेवायचं नाही. सुईत रक्त दिसलं की कोन कमी करून किंचित पुढे जायचं आणि मगच नळी सरकवायची. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या आजूबाजूच्या गोष्टी. रक्ताच्या बल्बवर, म्हणजे नमुन्याच्या छोट्या नळीवर, नाव खाटेजवळच लिहायचं, टेबलावर जाऊन नाही. लिहिण्याआधी पेशंटला त्याचं नाव त्याच्या तोंडून सांगायला लावायचं, कारण ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं तर ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. बल्बांचा क्रमही उगाच ठरवलेला नाही. कल्चर आधी, मग प्लेन म्हणजे रसायन नसलेला, जांभळ्या झाकणाचा नंतर. जांभळ्या बल्बमधल्या रसायनात पोटॅशियम असतं. त्याचा अंश पुढच्या बल्बमध्ये गेला तर रिपोर्टात पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं, आणि मध्यरात्री कुणीतरी नसलेल्या आजारावर उपचार करायला धावतं.

औषधं लिहिण्याच्या तयारीला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ देतेय, आणि मला वाटतं तो शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने द्यावा. औषधाचं नाव, काम आणि दुष्परिणाम आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शिकतो. कोऱ्या ट्रीटमेंट शीटवर पेन टेकवून डोस, मार्ग, वेळ आणि किती दिवस हे लिहायची वेळ येते तेव्हा कळतं की आपल्याला औषध ‘माहीत’ होतं, देता येत नव्हतं. मी एक पद्धत लावून घेतली. नवा पेशंट आला की वेगळ्या कागदावर, सही न करता, माझी स्वतःची ट्रीटमेंट शीट लिहायची. मग रेसिडेंटनी लिहिलेली शेजारी ठेवून फरक बघायचा आणि फरकाचं कारण विचारायचं. वॉर्डातल्या औषधनिर्मात्या मॅडमनी हे बघितलं आणि त्या स्वतःहून माझे कागद तपासून देऊ लागल्या. त्यांच्याइतकं नेमकं मला कुणीच शिकवलेलं नाही.

त्यांच्या खुणा आता माझ्या हातात बसल्यात. सगळ्यात वर अ‍ॅलर्जी लिहायची, नसेल तर ‘नाही’ असं लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. इन्सुलिनचे युनिट पूर्ण अक्षरांत लिहायचे, कारण ‘यू’ हे एकच इंग्रजी अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि चाराचे चाळीस होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, आणि पाच मिलिग्रॅम लिहिताना चिन्ह आणि त्यापुढचं शून्य नकोच. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा असतं. ते रोज दिलं गेलं तर जीवावर बेततं, म्हणून वार पूर्ण लिहायचा. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत कधीही ढकलायचं नाही. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसातली चोवीस तासांची मर्यादा ४ ग्रॅम, पण वजन ५० किलोच्या खाली असेल तर त्याहून कमी, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यात धरायचं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाला मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं तर रक्त आणखी पातळ होतं, हेही त्यांचंच.

ऑक्सिजनसुद्धा लिहून द्यायचं औषध आहे हे मला शेवटच्या वर्षापर्यंत कुणी ठसवून सांगितलं नव्हतं. बहुतेक आजारी माणसांत लक्ष्य ९४ ते ९८ टक्के, पण जुन्या सीओपीडीमुळे (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या आजारामुळे) ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्यात ८८ ते ९२. अशा पेशंटचा आकडा ९९ वर नेऊन समाधानाने निघून जाणं त्याला झोपेतून गुंगीत नेऊ शकतं.

शस्त्रक्रिया विभागात विद्यार्थ्याच्या वाट्याला फार काही येत नाही, रिट्रॅक्टर (चीर उघडी ठेवायचं अवजार) धरणं आणि टाके घालायला शिकणं. तरी तिथली एक गोष्ट सोबत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी थांबून ठरलेल्या गोष्टी मोठ्याने विचारायच्या. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीत एक काम आहे ते प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगण्याचं. मीही सांगायचे. ज्या खोलीत आपण आपलं नाव मोठ्याने घेतलंय, तिथे पुढे ‘मॅडम, डावी बाजू ना?’ असं विचारायला धीर लागत नाही.

लेबर रूमबद्दल एवढंच लिहिते की तिथे घड्याळाकडे बघायची सवय लागते. बहुतेक बाळं स्वतःच रडतात आणि त्यांना हवी असते ती ऊब आणि आईची छाती. जे रडत नाही त्याच्यासाठी पहिलं मिनिट फार मोलाचं असतं. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ होत्या, आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले नवजात बाळाची अवस्था तपासायचे त्यांचे पाच निकष आजही पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला लावले जातात. पण श्वास द्यायला सुरुवात करण्यासाठी त्या गुणांची वाट बघायची नसते, हे तिथल्या सिस्टर प्रत्येक तुकडीला बजावतात.

कॅज्युअल्टीत मला सीपीआरच्या टीममध्ये उभं केलं तेव्हा काम एकच होतं, छाती दाबणं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हे पुतळ्यावर पक्कं केलेलं होतं. पुतळ्यावर शिकवता येत नाही तो भाग म्हणजे नंतरचा. ते गृहस्थ गेले. रेसिडेंट मॅडमनी मला सोबत घेऊन मृत्यूची खात्री कशी करायची ते दाखवलं. हाक आणि वेदनेला प्रतिसाद नाही, बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत, हृदयाचा आणि श्वासाचा आवाज नाही, आणि हे सगळं किमान पाच मिनिटं बघायचं. मग त्या बाहेर बसलेल्या पत्नीकडे गेल्या. जाण्याआधी त्यांनी अ‍ॅप्रनवर डाग आहे का ते पाहिलं, फोन माझ्याकडे दिला आणि एक खुर्ची उचलून सोबत नेली.

वाईट बातमी सांगायच्या पद्धती आम्हाला शिकवल्या जातात. त्यांतली २००० साली मांडलेली सहा टप्प्यांची एक पद्धत बहुतेक सगळीकडे वापरतात. जागा नीट करा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायची तयारी आहे ते बघा, मग सांगा, भावनांना जागा द्या, पुढचं ठरवा. मॅडमनी तेच केलं, पण त्यात दोन गोष्टी मी नव्याने पाहिल्या. एक, त्यांनी ‘आपण त्यांना वाचवू शकलो नाही, ते वारले’ असं सरळ सांगितलं. ‘हाताबाहेर गेलं’ यांसारखे शब्द वापरले की ऐकणारा त्यात आशा शोधतो. दोन, सांगून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला ती शांतता भरून काढावीशी वाटत होती. बाईंनी स्वतःहून विचारलं, "त्यांना त्रास झाला का हो?" तो प्रश्न बाहेर यायला तेवढा वेळ लागणारच होता.

परीक्षेची तयारी या सगळ्यात वेगळी करावी लागली नाही, असं मी म्हणणार नाही. लेखी पेपरला बसून वाचावंच लागतं. पण ओस्की, म्हणजे ठरावीक वेळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात प्रात्यक्षिक दाखवायची परीक्षा, तिची तयारी तोंडाने आणि हाताने करायची असते. रोनाल्ड हार्डन यांनी डंडी इथे ही पद्धत मांडली आणि १९७५ मध्ये ती छापून आली. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखीच केस आणि सारखेच निकष मिळावेत हा तिचा हेतू. आम्ही तिघी-चौघी मिळून एकमेकींच्या पेशंट व्हायचो, घड्याळ लावायचो आणि गुणपत्रिका समोर ठेवून तपासायचो. ज्या मुलामुलींनी वॉर्डात खरे पेशंट पाहिले होते त्यांना अभिनय करावा लागत नव्हता, हे लगेच दिसायचं.

आता सावलीसारखं रेसिडेंटच्या मागे राहायची पोस्टिंग संपत आलीय. रात्रपाळीला चार्ज देताना-घेताना मी माझी यादी करते आणि कुठलं काम आधी ते ठरवून दाखवते. कुणाचं सलाईन निघालंय, कुणाला ताप आलाय, कुणाची संध्याकाळपासून लघवी झालेली नाही, कुणाचे नातेवाईक बोलायला थांबलेत. रेसिडेंट सर क्रम ऐकून घेतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, "यातल्या कोणाला तू डोळ्यांनी बघितलंस?" म्हणून आता मी आधी एक फेरी मारते, प्रत्येकाकडे बघून येते, मगच यादीला क्रमांक देते. लघवी न झालेला पेशंट बहुतेक रात्री वर सरकतो.

पुढची पोस्टिंग बालरोग विभागात आहे. तिथे हेच तीन प्रश्न वेगळ्या आकड्यांनी सोडवावे लागणार. लहान मुलाचं बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून ते ठीक आहे यावर विसंबायचं नाही. नाडी, श्वास, त्वचा दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ आणि मूल आईकडे बघतंय का, हे आधी बघायचं. प्रत्येक डोस वजनावर. दिवसभराच्या सलाईनचं गणित पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. चौदा किलोच्या मुलाला १२०० मिलिलिटर. ही गणितं मी रोज वेगवेगळी वजनं घेऊन सोडवतेय, आणि औषधनिर्मात्या मॅडमनी बालरोगाच्या ट्रीटमेंट शीटचे कोरे कागद आधीच आणून दिलेत.